मॅगझिन हलतंय, पण पक्कड खाली ठेवा

नमस्कार काका,
आमच्याकडे बाबांची ब्रनो मॉडेल २ आहे, .२२ ची, बोल्टवाली. बाबा गेल्यावर परवाना रीतसर माझ्या नावावर झाला आणि दोन वर्षांपासून मी क्लबच्या ५० मीटर रेंजवर जाते. घरी रोज अर्धा तास रिकाम्या रायफलीवर ड्राय प्रॅक्टिसही करते. यंदाच्या पावसाळ्यानंतर मॅगझिन हलायला लागलं. पाच राउंड भरले की पहिला-दुसरा हमखास अडकतो. टोक चेंबरच्या (नळीच्या मागच्या, राउंड बसतो त्या भागाच्या) खाली आपटतं आणि शिसं खरवडून निघतं. कधी बोल्ट राउंडच्या डोक्यावरून नुसताच पुढे जातो. शेवटचे दोन-तीन मात्र सुरळीत जातात. एकदा तर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, नेम धरलेला असताना मॅगझिन आपोआप खाली पडलं. (मध्ये दस्ता ओलसर वाटला म्हणून भावाने तो खोलून दोन दिवस उन्हात ठेवला होता.) ओळखीच्या एकांनी मॅगझिनच्या लिप्स (तोंडाशी राउंड धरणारे दोन वळवलेले काठ) पकडीने दाबायला सांगितल्या. दाबल्या, तर त्रास वाढला. नवीन प्लास्टिकचं मॅगझिन मागवलं, तेही हलतं. हल्ली अधूनमधून राउंड आत जाऊनही बोल्टचा दांडा खाली बसत नाही, तळहाताने जोर द्यावा लागतो. रायफल जुनी झाली असं समजून विकून टाकू का?
— सांगली जिल्ह्यातील एक वाचक

ताई,

विकू नका. पण तुम्ही सगळ्यात शेवटी जे लिहिलंय त्याचं उत्तर मी सगळ्यात आधी देतो, कारण बाकीचं आठ दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही. बोल्टचा दांडा बसत नसेल तर तळहाताने ढकलणं आजपासून बंद. रिमफायर काडतुसाची पेटणारी दारू बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्येच, गोल भरलेली असते. पिनने ती कड चेपली की राउंड उडतो. आता दांड्यावर जोर देऊन तुम्ही नेमकी तीच कड चेंबरच्या काठावर चेपताय. बोल्ट पुरता बंद झालेला नसताना राउंड उडाला तर पितळेचे तुकडे आणि गरम गॅस मागे येतो, आणि मागे तुमचा डोळा असतो. दांडा बसला नाही की नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट चापाबाहेर घ्यायचं आणि रेंज ऑफिसरला हाक मारायची. राउंड आत रुतून बसला तर पुढून क्लीनिंग रॉड घालून ठोकायचा मोह अजिबात नको. रॉड, त्याच्यासमोर जिवंत राउंड आणि नळीच्या तोंडाशी आपला हात, असली दुरुस्ती कोणीही करू नये.

आता मॅगझिनकडे येऊ. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. दस्ता खोलला, उन्हात ठेवला, परत बसवला. आणि दोन वेगवेगळी मॅगझिनं, एक जुनं पोलादी आणि एक नवं प्लास्टिकचं, दोन्ही सारखीच हलतात. दोन पाहुण्यांची एकाच खुर्चीबद्दल तक्रार असेल तर आधी खुर्ची बघायची. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी थेट पाहुण्यांनाच पकडीत धरलं.

या रायफलीत मॅगझिन ज्या खोबणीत जातं ते घर नळीच्या मागच्या मुख्य भागाला, म्हणजे रिसीव्हरला, खालून स्क्रूने धरलेलं असतं. दस्ता काढल्याशिवाय ते स्क्रू दिसत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी त्यांना हात लावत नाही आणि ते हळूहळू सैल होत राहतात. दस्ता काढताना भावाकडून घर थोडं हललं असेल, किंवा ते आधीपासूनच सैल असेल आणि दस्त्याच्या लाकडाने आतापर्यंत त्याला दाबून धरलं असेल. दोन दिवसांच्या उन्हात लाकूड आकसलं आणि तो आधार गेला. माझी पैज या स्क्रूंवर आहे. रायफल समोर नसताना पैजेच्या पुढे जाणार नाही, पण ती तपासायची सोपी युक्ती सांगतो.

त्याआधी एक साधी गोष्ट समजून घ्या, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं. तेव्हा लोक बहुतेक एकेक राउंड हाताने घालून मारायचे, हे काडतूस खालून वर ढकलून भरवलं जाईल असा विचार ते घडवताना फारसा झालेला नाही. सरळ पुंगळी, बुडाला बाहेर आलेली कड, वर मऊ शिशाची बोथट गोळी आणि तिच्यावर मेण किंवा ग्रीससारखा थर. लष्करी रायफलीचं टोकदार, तांब्याच्या आवरणाचं काडतूस चेंबरच्या तोंडाशी थोडं चुकलं तरी घसरत आत जातं. आपलं .२२ चुकलं की आपटतं आणि नाक खरवडून घेतं. म्हणून या जातीच्या रायफलीत मॅगझिनच्या उंचीला फार किंमत आहे. अर्धा मिलिमीटर खाली बसलं तरी बोल्टच्या तळाला रिम नीट सापडत नाही. थोडी सापडली तर राउंड नाक खाली करून जातो, अजिबात नाही सापडली तर बोल्ट वरून निघून जातो. तुम्ही लिहिलेल्या या दोन्ही तक्रारी म्हणजे एकाच दुखण्याच्या कमी-जास्त पायऱ्या आहेत.

मग पहिले दोनच का अडकतात? पाच राउंड भरल्यावर आतली स्प्रिंग पुरती दाबलेली असते. वर बोल्ट बंद असेल तर तो वरच्या राउंडला खाली रेटतो आणि तो सगळा दाब मॅगझिनला घराबाहेर ढकलत राहतो. कॅच (मॅगझिन अडकवून धरणारा खटका) किंवा घर सैल असेल तर भरलेलं मॅगझिन सगळ्यात खाली लोंबतं. राउंड कमी होत गेले की दाब उतरतो आणि उंची जवळजवळ जागेवर येते. उलट शेवटचे दोन अडकत असते तर मी स्प्रिंग थकली किंवा फॉलोअर (राउंड वर उचलणारी आतली पट्टी) तिरका झाला असं म्हणालो असतो. म्हणून कितवा राउंड अडकला हे वहीत लिहून ठेवायची सवय लावा. मी क्लबच्या पोरांना हेच सांगून सांगून थकलो. सगळे येऊन म्हणतात, ‘काका, अडकतंय.’ अरे, कितवा?

आता युक्ती. घरी, जिवंत राउंड दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं बघून, चार-पाच डमी राउंड घ्या. रंगीत प्लास्टिकचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे मिळतात. जिवंत राउंड घेऊन घरात बोल्ट चालवायचा नाही, एकदासुद्धा नाही. मॅगझिनमध्ये डमी भरा, मॅगझिन लावा आणि डाव्या हाताच्या बोटाने त्याला खालून हलकासा आधार देऊन बोल्ट सलग पूर्ण मागे-पुढे करा. सगळे डमी सुरळीत गेले तर मॅगझिन निर्दोष आहे, दोष उंचीत आहे. मग बोट काढा आणि मॅगझिन किंचित खाली ओढून तेच करा. हुबेहूब तुमचा त्रास समोर येईल. डमीच्या टोकाला मार्कर पेनची शाई लावली तर ते कुठे घासतंय तेही दिसतं. जुने लोक यासाठी दिव्याची काजळी वापरत. तुम्ही पेनच वापरा, काडतुसासारखं दिसणारं काहीही ज्योतीजवळ नेण्याची सवय नको. आणि बोटाचा आधार फक्त या तपासणीपुरता आहे. रेंजवर मॅगझिन हाताने उचलून धरत मारणारे मी पाहिलेत, त्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, वर-खाली पसरतो आणि मग ते गोळ्यांना दोष देतात.

अजून एक बघा. मॅगझिन डावी-उजवीकडे थोडं हलत असेल तर त्याची काळजी करू नका. चांगल्या, नव्या रायफलीतही ते हलतं, ते सहज आत-बाहेर व्हावं म्हणून तेवढी फट ठेवलेलीच असते. आपलं भांडण फक्त वर-खाली हलण्याशी आहे.

बोटाच्या आधाराने डमी गेले, तर दस्ता काढा. परवाना तुमच्या नावावर आहे, तेव्हा स्क्रूड्रायव्हरही तुमच्याच हातात राहू दे, भावाने शेजारी बसून टॉर्च धरावा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरणारं हवं. घरातला पंखे बसवायचा स्क्रूड्रायव्हर खाचेत हलतो आणि खाचेचे कान उडवतो. अशा कानतुटक्या स्क्रूवरून रायफल कोणाच्या हातून गेलीय ते कळतं. मॅगझिनचं घर बोटांत धरून हलवून बघा. ते कटकट करत हललं तर चोर सापडला. स्क्रू काढा, त्यांचे आटे आणि भोकं जुन्या तेलापासून पुसून कोरडी करा, घर सरळ बसवून स्क्रू घट्ट करा. काढता येईल असा निळा लॉकटाइट मिळतो, त्याचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब आट्यावर पुरतो. लाल नको, तो पुढच्या माणसाला शिव्या द्यायला लावतो. काही रायफलींत पुंगळी बाहेर फेकणारं इजेक्टरचं पातंही या घरालाच जोडलेलं असतं. तुमच्या पुंगळ्या हल्ली आळसावून बाहेर पडत असतील तर त्याचंही कारण इथेच निघेल.

मग दस्ता बसवा, पण तिथेही घाई नको. दस्त्याचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे आणि घट्ट लागले की थांबायचं. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. जास्त आवळले की आतलं लाकूड चेपतं आणि रायफल दस्त्यात खाली बसते, मग दस्त्याखालची मॅगझिनच्या तोंडाभोवतीची पट्टी आणि घर यांचं नातंच बदलतं. शेवटी मॅगझिनचं तोंड जिथे लाकडातून जातं तिथली कड बघा. वाळवलेलं लाकूड वाकतं. कुठे काळा, चकचकीत घासल्याचा डाग असेल तर तिथे मॅगझिन लाकडाला अडतंय आणि कॅचपर्यंत पूर्ण पोचतच नाहीये. कागदाची पट्टी मॅगझिन आणि लाकूड यांच्यात सरकवा. तीन बाजूंनी सरकली आणि एका बाजूला अडली की जागा सापडली. तिथे बारीक पॉलिशपेपरचे चार-सहा हात पुरतात. आणि हो, दस्ता पुन्हा उन्हात नको. सांगलीकडचा पाऊस कोकणासारखा नसला तरी लाकूड ओल धरतंच. सावलीत, वारा लागेल असं ठेवायचं आणि वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा.

घर घट्ट, लाकूड मोकळं, तरी मॅगझिन खाली लोंबतंय, असं झालं तरच कॅचकडे जा. मॅगझिनच्या अंगावरची खाच आणि तिच्यात बसणारं कॅचचं नाक, दोन्ही वर्षानुवर्षं घासून गोल होतात. भिंगातून बघा, कोपरा धारदार असायला हवा. गोल झाला असेल किंवा कॅचची स्प्रिंग मऊ पडली असेल तर ते काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या आर्मररचं. घरात कानस लावून कॅचला नवी धार काढू नका. धार काढायची म्हणजे धातू काढायचा, आणि धातू कमी झाला की मॅगझिन आणखी खाली बसणार. तात्पुरती सोय म्हणून काही जण मॅगझिनच्या पाठीला पातळ पत्री किंवा अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावतात. पुढे-मागे हलणारं मॅगझिन त्याने घट्ट होतं, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो, पण उंची त्याने एका केसानेही वाढत नाही. सेलोटेप तर नकोच, उन्हाळ्यात तिचा डिंक सुटून घरात उतरतो.

आता लिप्स. इथे मला थोडं स्वतःचंही कबूल करायचंय. तरुणपणी, नवा आर्मरर झालो तेव्हा, अशाच एका .२२ मॅगझिनच्या लिप्स मी तुमच्यासारख्याच दाबल्या होत्या. एका बाजूला जरा जास्त दाब पडला. दुसऱ्या दिवशी नाक उजवीकडे वळवून राउंड आडवे व्हायला लागले. मी ती बाजू उघडली, मग ते डावीकडे गेले. चौथ्या खेपेला लिपच्या मुळाशी केसाएवढी चीर पडली. पत्रा पुन्हा पुन्हा वाकवला की तुटतो, हे मला शाळेतच शिकवलं होतं, तरी.

लिप्सचं काम राउंड धरायचं आणि योग्य क्षणी सोडायचं. आत दाबल्या की त्या उशिरा सोडतात, मागचं बूड अडकून राहतं आणि नाक वर उचलायच्या आत चेंबरच्या खालच्या काठावर आदळतं. म्हणून तुमचा त्रास वाढला. बाहेर उघडल्या की उलट, राउंड लवकर सुटून उडी मारतो. तुमच्या पोलादी मॅगझिनच्या लिप्स पूर्वीसारख्या करायच्या असतील तर ‘पूर्वीसारख्या’ म्हणजे किती, हे आधी कळायला हवं. क्लबमध्ये कोणाकडे याच जातीचं नीट चालणारं पोलादी मॅगझिन असेल तर व्हर्नियरने त्याच्या दोन लिप्समधलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे, तीन ठिकाणी मोजा आणि लिहून घ्या. झेकोस्लोव्हाकियाच्या काळातली ब्रनो आणि तिच्या वंशातल्या पुढच्या सीझेड ४५२, ४५५ या रायफलींची मॅगझिनं बहुतेक एकमेकींत चालतात, त्यामुळे नमुना मिळणं अवघड नाही. मग तुमचं मॅगझिन, नमुना आणि वहीतले आकडे आर्मररला द्या. एक डमी घालून बाजूने बघितलं तर नाक किंचित वर, चेंबरकडे बघत असलं पाहिजे. जमिनीकडे बघत असेल तर काम अपुरं आहे.

मॅगझिन खोललंच आहे तर आतून स्वच्छ करा. बाबांच्या काळापासूनचं मेण, शिशाची भुकटी आणि धूळ यांचा काळा लगदा निघेल. सुक्या कापडाने आणि जुन्या टूथब्रशने काढा. आत तेल सोडू नका, तेलाला हे सगळं चिकटतं आणि फॉलोअर जड होतो. गंज नको म्हणून पुसट तेलाचं कापड फिरवलं तर पुरे. भरताना प्रत्येक नवा राउंड खालच्याच्या रिमच्या पुढे बसतोय ना, बघा. वरच्याची रिम खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि बोल्टने कितीही ढकललं तरी सुटत नाहीत.

राहिला बसत नसलेला दांडा. माझ्या मते मॅगझिनचा याच्याशी संबंध नाही, हा वेगळाच आजार आहे आणि त्याचं मूळ तुमच्या त्या अर्ध्या तासाच्या प्रॅक्टिसमध्ये असावं. रिमफायरची पिन मध्यावर नाही, कडेवर मारते. चेंबरमध्ये काडतूस नसलं की तिच्या वाटेत चेंबरचा काठ येऊ शकतो. बऱ्याच रायफलींत पिन काठापर्यंत पोचू नये अशी रचना असते, पण जुन्या रायफलीत पिनची धाव थांबवणारा भाग झिजलेला असतो. रोज शेकडो वेळा टकटक झालं की काठाला खळगा पडतो आणि तिथला धातू आत चेंबरमध्ये ढकलला जातो. त्या फुगवट्यावर राउंड अडतो. तपासायला काडीच्या टोकाला कापूस गुंडाळा आणि चेंबरच्या तोंडाशी हलक्या हाताने गोल फिरवा. एका जागी कापसाचे धागे अडकून राहिले तर तिथेच खळगा आहे. टॉर्चच्या तिरक्या उजेडात चमकेलही. उडालेल्या पुंगळीवर बाजूने, बरोबर पिनच्या रेषेत, उभा ओरखडा असेल तर शंकाच नको.

हे काम मात्र घरचं नाही. चांगला आर्मरर निमुळत्या, गुळगुळीत पोलादी दांडीने तो धातू दाबून परत जागेवर बसवतो, कापून काढत नाही. कोणी ‘कानसीने साफ करून देतो’ म्हणाला तर रायफल उचला आणि घरी या. कापल्यावर रिमला पुढून आधार उरत नाही आणि मग राउंड पेटायचेच चुकायला लागतात. पिन किती पुढे येते तेही त्याच भेटीत बघायला सांगा. तोवर ड्राय प्रॅक्टिस थांबवा. नंतर करायची तर चेंबरमध्ये उडालेली पुंगळी घालून आणि दर वेळी ती थोडी फिरवून करा, म्हणजे पिनला दर वेळी कोरी कड मिळेल. प्लास्टिकचे डमी त्या कामाचे नाहीत, ते फक्त भरवून बघायला.

दुरुस्ती होईपर्यंत रेंजवर जायचं बंद करू नका असं म्हणालो असतो, पण चेंबर तपासल्याशिवाय जिवंत राउंड नकोच. चेंबर ठीक निघालं आणि फक्त मॅगझिनचं काम राहिलं, तर एकेक राउंड हाताने चेंबरमध्ये घालून मारा. ५० मीटरच्या स्पर्धेत मॅगझिन नसतंच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते प्रत्येक राउंड हाताने भरूनच. मॅगझिनच्या जागी बसणारी एका राउंडची उतरती पट्टीही या रायफलीसाठी मिळते. हाताने घालताना राउंड खाली पडत नाही आणि बोल्टला सवयीचा रस्ता मिळतो.

प्लास्टिकचं नवं मॅगझिन परत करू नका. त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, पोलादीला दोन. घर घट्ट केल्यावर दोन्हींतून पन्नास-पन्नास डमी भरवा आणि कितवा अडकला ते त्या-त्या ठिपक्याखाली वहीत लिहा. पान कोरं राहिलं तर मला कळवायची गरज नाही. आकडे पडले तर पानाचा फोटो पाठवा, रायफलीचा नको.